पाखरांनी लावलेली झाडं

पाखरांच्या विष्ठेकडे इतक्या आदराने पाहणारा दुसरा माणूस तिरोडा तालुक्यात नसावा, आणि उरलेल्या गोंदिया जिल्ह्यातही असेल असं मला वाटत नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे मामा. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर गावी येऊन धानाच्या शेतीत रमले. मी त्यांना मामाजी म्हणतो. नवीन गाडी घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती अंगणातल्या कडुनिंबाखाली लावली. चहा होईपर्यंत पाखरांनी टपावर आपलं काम उरकलं होतं. मी बादलीभर पाणी मागितलं, तर मामाजी काडी आणि वाटी घेऊन लगबगीने बाहेर आले. "थांबा जवाई, धुवू नका! काय आनलं ते पाहू तं द्या!" मग त्यांनी सगळा टप हलक्या हाताने खरवडला, वाटीतल्या बिया निरखल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "चंदन! बुलबुलानं आनलं." त्या घरात माझा इतका मान आधी कधी झाला नव्हता, असं बायको अजून सांगते.

जांभळाच्या शेंड्याकडची फळं ते कुणाला तोडू देत नसत, ती पाखरांची. झाडाखाली पडलेलं बी आईच्याच सावलीत उपाशी मरतं, त्याला कुणीतरी दूर न्यायला हवं, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. गावच्या रस्त्यासाठी मुरूम काढल्यावर त्यांच्या पडीत जमिनीत मोठा खड्डा उरला होता. त्यात गवतसुद्धा धरत नव्हतं. मामाजींनी तिथे बांबू रोवले आणि मामींची कपडे वाळवायची तार काढून नेऊन त्यांवर ताणली. मामी आठवडाभर बोलल्या नाहीत. जाणारेयेणारे विचारत, "काऊन जी, टमाटर लावून राहिले का?"

"पाखराईले बसाची जागा करून राहिलो," मामाजी गंभीरपणे सांगत. "बसन तं हागन, हागन तं उगन."

आणि उगवलं. तारेखाली आधी बोरी आल्या, मग कडुनिंब, पिंपळ, दोनचार चंदनाची रोपं. घाणेरीचं तणही आलं. ते उपटताना मात्र मामाजी पाखरांवर चिडत. बोराट्यांचं कुंपण घालून त्यांनी शेळ्या अडवल्या. काही वर्षांत खड्डा दिसेनासा झाला.

मग त्यांच्या मुलाने ट्रॅक्टर घेतला. खड्डा बुजवून शेड बांधायला तीच जागा सोयीची होती. एके सकाळी त्याने जेसीबी बोलावला, तेव्हा मी तिथेच होतो. मामाजी पाण्याचा लोटा हातात घेऊन झाडांसमोर उभे राहिले.

"बाबा, हे झुडपं कायले ठेवाचे? ट्रॅक्टर पान्यात भिजून राहिला."

"मी लावलेलं एक झाड दाखव. आत्ताच पाड."

मुलगा इकडेतिकडे पाहू लागला. "तुमी कुठी लावले? हे तं पाखराईनं लावले."

"मंग दुसऱ्याचे झाडं पाडाचा तुले काय हक?"

जेसीबीचा ड्रायव्हर खो खो हसला. मुलगा हसला नाही. मामाजी वळले आणि लोट्यातलं पाणी चंदनाच्या एका रोपाला घालू लागले. मुलगा ते पाहत राहिला. मग त्याने जेसीबी परत पाठवला. शेड घराच्या बाजूला झाली, जरा अडचणीची.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा मामाजी माझा हात धरून तिथवर आले आणि शेताच्या बांधावर बसले. डोळ्यांना आता त्यांना कमी दिसतं. वाळवीने बांबू खाल्ले होते, तार गवतात लोळत होती. मी म्हटलं, "मामाजी, नवीन बांबू आणू का?"

"कायले? पाखरं आता झाडाईवरच बसतेत," ते म्हणाले. "माहं तेथं काईच काम नाई राह्यलं."

सुरात तक्रार नव्हती. आता ते उठतील म्हणून मी हात पुढे केला. पण उन्हं कलेपर्यंत मामाजी पाखरांचा आवाज ऐकत बांधावर तसेच बसून होते.