कासाराशेजारची खुर्ची

आमचे डॉक्टर रोग्याला 'काय होतंय' असं कधी विचारत नसत. "रात्री झोप लागते?" एवढंच विचारत आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसत. म्हणून कटंगीच्या बाजारात त्यांचं नाव पडलं, झोपवाले डॉक्टर. स्वतः मात्र बालाघाटहून बस सुटली की घोरू लागत, आणि मान बहुधा माझ्या खांद्यावर पडे. मी सरकारी दवाखान्यातली नर्स. बाजाराच्या दिवशी औषधांची पेटी घेऊन त्यांच्याबरोबर जायची. मान पडली की ढकलून द्यायची.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्या भागात डोक्याच्या आजारावर उपचार म्हणजे नागपूर. तिथे नेलेला माणूस पागल ठरायचा आणि त्या घरच्या मुलींची लग्नं अडायची. त्यापेक्षा लोक कोंडून ठेवत, नाहीतर बांधून. डॉक्टर या विषयातले तज्ज्ञ नव्हते. नागपूरच्या एका मित्राकडून शिकून आले होते, आणि जेवढं कळायचं तेवढ्यालाच हात घालत.

पहिल्या बाजारी त्यांनी 'मानसिक रोग तपासणी' असा फलक रंगवून आणला. लोक तो वाचून लांबून वळसा घालून गेले. एक दारुडा तेवढा आला, तोही तुमसरची बस गेली का विचारायला. डॉक्टर बाजार उठेपर्यंत समोरच्या कासाराकडे बघत बसले होते. त्याच्यापुढे बायकांची गर्दी हटत नव्हती. बाई बांगड्या भरायला बसली की हात त्याच्या हातात आणि तोंडात घरच्या गोष्टी, आणि इथे काय करतेस असं तिला कोणी विचारत नाही. पुढच्या बाजारी डॉक्टरांची खुर्ची कासाराच्या पालाशेजारी लागली. फलक मी उलटा घातला आणि त्यावर पेटी ठेवली.

एक म्हातारी दर बाजारी स्वतःसाठी झोपेच्या गोळ्या मागायची. डॉक्टर तिला तपासून परत पाठवत. शेवटी म्हणाले, "माय, तुले तं चांगली झोप लागते. घरी कोणाले लागत नाही?"

ती कासाराकडे पाठ करून खुर्चीजवळ सरकली. मग सांगितलं. सून बाळंत झाल्यापासून बडबडते, पोराला जवळ घेत नाही, विहिरीकडे धावते. गोठ्यात बांधून ठेवली आहे. मुलगा दुसरी करायचं म्हणतो. डॉक्टरांनी सुनेला न बघता औषध द्यायला नकार दिला.

"बाजारात आणली तं पागल म्हणतीन तिले," म्हातारी म्हणाली.

"बांगड्या भराले आण. त्याले कोण काय म्हणन?"

आठवड्यानं सून आली, हनुवटीपर्यंत पदर ओढलेली. कासारानं हात धरला तेव्हा मनगटावर दोराचे वळ दिसले. तो सैल मापाच्या बांगड्या शोधत बसला, आणि त्यानं मुद्दाम वेळ लावला. तेवढ्यात डॉक्टरांनी बाजूच्या खुर्चीवरून तिला हळूहळू विचारून घेतलं. औषध सुरू झालं. पावसाळा संपता संपता ती पोर कडेवर घेऊन बाजारात आली. दुसरीचा विषय घरात बंद झाला.

मग डॉक्टरांची बदली झाली. शेवटच्या बाजारी म्हातारीनं विचारलं, "हिले दुसरं लेकरू झाल्यावर पुन्हा असं झालं तं?"

"होऊ शकते, माय. झोप उडाली का त्याच दिवशी आणजो. लपवत बसू नको."

"पण तुमी तं नसान."

"सिस्टर हाय ना."

मला त्यांनी आधी विचारलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी तसं सुनावलं. ते झोपले होते.

नव्या गावी ते फार दिवस राहिले नाहीत. हृदयविकारानं गेले. आम्हाला कळलं तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. रडायला मला सवड नव्हती. कटंगीचा बाजार दुसऱ्याच दिवशी होता.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती म्हातारी सुनेला घेऊन थेट बालाघाटच्या दवाखान्यात आली. सून ओली बाळंतीण, डोळे तारवटलेले, डोक्यावर पदर नव्हता. खिडकीत रोग्यांची चिठ्ठी करणाऱ्यानं काय होतं म्हणून विचारलं.

"माह्या सुनेचं दिमाग बिघडून राह्यलं. कालपासून झोपली नाही," म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या.

"काय पाहून राह्यल्या वं? बिमार हाय ते. सरका."

त्या सरकल्या. मी सुनेला आत घेतलं.