हळू केलेली लाइन

घरोघर फायबरची टेलिफोन लाइन बसवायचं माझं काम. त्यातच शहरातल्या ओमती मोहल्ल्यातल्या त्या बाई भेटल्या. शहराबाहेरच्या रिछाईतल्या कारखान्यातून रिटायर झालेल्या, ताठ बसणाऱ्या. मी मोबाइलवर घरी मराठीत बोललो, तशा त्याही हिंदी सोडून मराठीत आल्या.

लाइन सुरू होताच त्यांनी तिला आपल्या जुन्या कॉम्प्युटरचा मोडेम जोडला. त्यांच्या मोठ्या भावानं नागपूरला कधीकाळी मित्रांसाठी बुलेटिन बोर्ड सुरू केला होता. मोडेमनं त्याच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा आणि पडद्यावर एकमेकांना लिहायचं. आता फोन लावणाऱ्या एकट्या या बाईच उरल्या होत्या. घशाच्या ऑपरेशननंतर भावाचा आवाज गेला होता, आणि अधू डोळ्यांना त्या पडद्यावरची मोठी हिरवी अक्षरंच तेवढी दिसत.

मोडेम शिट्टीसारखा वाजला, खरखरला आणि लाइन तुटली. तीनदा तसंच झालं. बाई त्यावर तळहात ठेवून बसून राहिल्या.

"काकू, नव्या लाइनवर याचा आवाज बिघडून जातो," मी ओशाळून म्हणालो.

"अच्छा. मग इतक्या घाईनं काहून बोलून राहिला हा? हळू करून पाहू."

त्यांनी मोडेमचा वेग अगदी कमी केला. या वेळी लाइन टिकली. पडद्यावर इंग्रजी लिपीतली मराठी एकेक अक्षरानं उमटू लागली.

"काल काहून नाही आली? मी वाट पाहत बसलो होतो."

आदल्या दिवशी त्यांची जुनी तार मीच कापून गेलो होतो. मी मान खाली घातली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सावकाश टाइप केलं, "झोप लागली होती, दादा."