निताईची उजवी चप्पल

मणक्याचं ऑपरेशन म्हटल्यावर तुम्ही मनाची तयारी केली असेल. वीतभर चिरा, परातभर रक्त, घाम पुसून घेणारे सर्जन. सॉरी. चिरा आहे, पण तुमच्या अंगठ्याएवढा. रक्त चहाच्या भांड्यात मावेल. आणि यातला मुख्य पुरावा म्हणजे एक मळकी रबरी चप्पल. चालत असेल तर वाचा.

तर, निताई मंडल पलंगावर उताणा पडलाय. मी त्याचा उजवा पाय सरळ धरून वर उचलतोय आणि तो बोंबलतोय.

"लागछे डाक्टरबाबू, लागछे!"

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ती सरकली की पायाकडे जाणारी नस दाबते. दुखणं कमरेत, पण कळ जाते थेट पोटरीत. पाय सरळ उचलला की नस ताणली जाते आणि पेशंट ओरडतो. अडचण एवढीच, की हे ओरडणं कुणालाही जमतं. मला तर फारच छान जमतं.

मी मूळचा करमाळ्याचा. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून त्यांच्याच हातचा मार खाल्लेला. भाऊ रेल्वेत, त्याचं क्वार्टर गार्डन रीचला. म्हणून कलकत्त्यात येऊन हाऊस सर्जन झालो. ताप, पोटदुखी, चक्कर, सगळी सोंगं स्वतः करून झालेली. त्यामुळे दुसऱ्याचं सोंग मला लांबून कळतं, अशी माझी समजूत होती.

निताई खिदिरपूरच्या गोदीत क्रेन चालवायचा. त्याच्याच गोदीतला एक जण महिन्यापूर्वी अशीच कंबर धरून आमच्याकडे झोपला होता. डिस्चार्जच्या दिवशी तो गेटबाहेर चालत्या ट्राममध्ये उडी मारून चढला, आख्ख्या वॉर्डाच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून गोदीचा माणूस आला की सगळ्यांच्या भुवया वर. त्यात निताईचा एक्स-रे क्लीन. एक्स-रेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण संशय आला की माहीत असलेलं आठवत नाही. वर सिस्टर बिश्वासनी त्याला व्हरांड्यात उकिडवं बसून, बिडी ओढत, खो खो हसताना पाहिलेलं.

मी केसपेपरवर लिहिलं, 'मॅलिंगरिंग?' म्हणजे, नाटक करतोय का? प्रश्नचिन्ह आपलं सभ्यपणासाठी.

आमचे बॉस डॉ. मोघे. तीन पिढ्या कलकत्त्यात. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, कुणीतरी तोंडात बंगाली मिठाईचा संदेश ठेवून पुरणपोळी मागतंय. केसपेपर बघून म्हणाले, "तुला नक्की वाटतो का रे?"

"सर, शंभर टक्के नाटक. मी धंद्यातला माणूस आहे."

त्यांनी खाली सही ठोकली. "सोमवारी फिट देऊन टाक."

फिट म्हणजे कामावर रुजू. निताईला कळलं तसा तो हात जोडून म्हणाला, "डाक्टरबाबू, हम नाटक नहीं करता. पैर पेडल में अटकता है. नीचे आदमी लोग खड़ा रहता है."

मी म्हटलं, "हां हां, देखेंगे." म्हणजे नाही.

शनिवारी दुपारी ड्यूटी रूममध्ये चहा चालला होता. मी निताईची चाल करून दाखवली. कंबर डावीकडे कललेली, हात मांडीवर, चेहरा आंबट. पोरं टेबल बडवायला लागली. सिस्टर बिश्वास चहा गाळता गाळता म्हणाल्या, "ठीक आहे. पण आवाज कुठे आहे?"

"कसला आवाज?"

"तो चालतो तेव्हा फट् फट् वाजतं. एकाच पायाचं."

नक्कल अर्धवट म्हणणं म्हणजे माझ्या घराण्याचा अपमान. मी कुणाच्या तरी स्लिपर घातल्या आणि पुन्हा चाललो. फट् येईना. मग लक्षात आलं, पाऊल पुढून मेल्यासारखं सोडलं तरच ते जमिनीवर आपटतं. तसं करून तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत कुणीतरी मला हाक मारली, मी वळलो आणि पाऊल आपोआप सरळ पडलं. सोंग सुटलं.

मी, एवढा कसलेला, मिनिटभर टिकलो नाही. हा माणूस आठवडाभर टिकतोय?

हसू गेलं. संशय मात्र गेला नाही. रविवारी सकाळी मी चादरींच्या ट्रॉलीमागे दबा धरून बसलो. निताई संडासाकडे निघाला. व्हरांडा रिकामा. आता बघू, म्हटलं. फट्. फट्. फट्. जाताना तसंच, येताना तसंच. कुणासाठी करतोय? भिंतीसाठी?

तो परत पलंगावर पडल्यावर मी खाली वाकून त्याच्या चपला उचलल्या. निळ्या पट्ट्यांच्या हवाई चपला.

"कब लिया?"

"पूजा में, बाबू."

इथे दुर्गापूजेला गरिबातला गरीबही नवं पायताण घेतो. म्हणजे दोन्ही चपला एकाच दिवशी पायात गेलेल्या, जेमतेम अडीच महिन्यांच्या. डावी ठणठणीत. उजवीची टाच नवी कोरी, पण पुढची कड घासून कागदासारखी झालेली. अंगठ्याखाली भोक पडायला आलेलं. पाऊल वर उचललं जात नाही, म्हणून ते फरफटत जातं. माणूस माझ्यासमोर आठवडाभर सोंग करेल एकवेळ. चप्पल अडीच महिने सोंग करत नाही.

सोमवारी ओपीडी भरलेली असताना मी ती चप्पल डॉ. मोघेंच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ए की! काय आहे हे?"

मी सांगितलं. त्यांनी चप्पल उलटीसुलटी केली, टेबलावर तशीच टाकली आणि थेट वॉर्डात गेले.

"निताई, पैर का अंगूठा ऊपर करो. दोनों."

डावा अंगठा टुणकन वर. उजवा पडून राहिला. निताईच्या कपाळावरची शीर फुगली, पण अंगठा हलेना. नस इतकी दाबली गेली होती की स्नायूच जात चालला होता. आणखी काही आठवडे गेले असते तर पाय कायमचा गेला असता, आणि असा पाय असलेला माणूस क्रेनवर. खाली आदमी लोग.

मग मायलोग्राम. पाठीत सुई घालून एक्स-रेत दिसणारं तेलकट औषध सोडायचं, टेबल तिरकं करायचं आणि ते कुठे अडतं ते बघायचं. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याशी उजवीकडे अडलं. आणि उकिडवं बसणं? गुडघे दुमडले की नस सैल पडते. बिचारा तेवढ्यापुरता सुखात असायचा, आणि तेवढंच आम्ही पाहिलं.

डॉ. मोघेंनी नुकतंच वाचलं होतं, की परदेशात मायक्रोस्कोप लावून अगदी छोट्या चिऱ्यातून गादी काढतात. आमच्याकडे मायक्रोस्कोप एकच, कानाच्या ऑपरेशनचा. कानवाले दत्तसाहेब संशयाने बघत राहिले.

"मणक्याला कान कधी फुटले?"

"आमच्यापैकी कुणी ऐकलं नाही, म्हणून त्याने फोडले असतील," डॉ. मोघे माझ्याकडे बघून म्हणाले.

ऑपरेशनला मी चिऱ्याची कड ओढून धरायला. दिसत काही नव्हतं, सरांची टोपी सोडून. शेवटी ते बाजूला झाले. "बघ तुझं नाटक." आत दाराच्या फटीत सापडलेल्या पायजम्याच्या नाडीसारखी चपटी पांढरी नस. खाली फुगलेली गादी. सरांनी चिमट्याने खेकड्याच्या मांसासारखा एक तुकडा ओढून काढला, आणि नस हळूच खाली बसली.

असे पेशंट आमच्याकडे दोन-दोन आठवडे पडून असायचे. निताई तिसऱ्या दिवशी उभा राहिला. पोटरीतली कळ गेली होती. आरशात पाठ बघून तो माझ्याकडे वळला.

"चार टाके? बस? डाक्टरबाबू, आप लोग नाटक तो नहीं किया?"

सिस्टर बिश्वास पदरात तोंड घालून पळाल्या.

अंगठा मात्र तीन महिन्यांनी हलला. तो पुन्हा क्रेनवर गेला. आता कुठलाही कंबरवाला आला, की मी आधी अंगठा वर करायला सांगतो, मग नाव विचारतो.

आणि बक्षीस? ऑपरेशनच्या संध्याकाळी डॉ. मोघेंनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, चपलेबद्दल शाबासकी. समोर तो केसपेपर होता.

"अंगठा बघायला किती वेळ लागतो?"

"दहा सेकंद, सर."

"आणि त्याची चाल बसवायला?"

मी केसपेपर उचलायला गेलो. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"एक आठवडा तू त्याला पकडत होता. तपासत कधी होता रे? तो पायाचं सांगत होता, तू त्याचा चेहरा बघत होता. आणि खाली ही माझी सही. म्हणजे गाढवं दोन. पण मी म्हातारा गाढव आहे, मला कुणी सुधारणार नाही. तुला मी सुधारणार. उद्यापासून महिनाभर वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटचा प्रत्येक अंगठा तपासून लिहायचा. फ्रॅक्चर असो, गळू असो. दोन्ही पायांचा. समजलं?"

"हो, सर."

"बाहेर जाऊन माझी नक्कल करशील, ठाऊक आहे मला. कर. पण आधी ती चप्पल उचल माझ्या टेबलावरून. तीन दिवस झाले, मी इथे डबा खातो!"