झाकणावरचा चहा

माझी सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि ती सभ्य भाषेत कागदावर उतरवायची, एवढंच मी बत्तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर ही विद्या वाया जाणार असं वाटत होतं. पण जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आमच्या ग्रुपने तसं होऊ दिलं नाही.

माझी गाडी वडिलांची, काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या जातीची. वडील ती अर्धा तास पुसायचे आणि दहा मिनिटं चालवायचे. माझ्याकडे आल्यावर मी तिचा साधा कार्बोरेटर काढून टाकला आणि शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले दोन बसवले. या गोष्टीला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ती भन्नाट पळते, असं मी सांगत असतो. गिरगावातून दादरला जायला तिला पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण पुढची बस पूर्वीच्याच वेगाने चाललेली असते. "एका नाकाने श्वास घेत होती, तर काय बिघडलं होतं तिचं?" असं बायकोने तेव्हाच विचारलं होतं.

दोन कार्बोरेटरांचं दुखणं मात्र खरं असतं, आणि आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनीच ते लावून घेतले होते. दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. एकाने जरा जास्त ओढली की इंजिन जागच्या जागी थरथरायला लागतं, पेट्रोल ढोसतं आणि नेमकं सिग्नलला बंद पडतं. त्या दोघांना एका मापात आणायचं काम आमच्यापैकी प्रत्येकजण घोडपदेवच्या एका मिस्त्रीकडून करून घ्यायचा. मिस्त्री मालवणचा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा. त्याचं हत्यार म्हणजे हातभर रबरी नळी, गॅसच्या शेगडीला असते तसली. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं स्वतःच्या कानाला. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकायचा, स्क्रू किंचित फिरवायचा, मग दुसऱ्याचा आवाज ऐकायचा. त्या वेळी गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही, खोकलासुद्धा बाहेर जाऊन काढायचा. दोन्ही आवाज जुळले की तो नळी गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. "ऐका. आता सारख्या झाला." मी डोळे मिटून ऐकायचो आणि जाणकारासारखी मान हलवायचो.

गेल्या हिवाळ्यात ग्रुपवर कुजबुज सुरू झाली की मिस्त्रीचा कान गेला. दादरच्या एका सदस्याने त्याला मागून तीनदा हाक मारली होती आणि मिस्त्रीने वळूनही पाहिलं नव्हतं. त्यातच परळला एक नवीन वर्कशॉप निघालं होतं. तिथे मशीन लावलं की पडद्यावर आकडे येतात, गिऱ्हाईकाला एसीत बसवतात आणि कॉफी देतात. कान गेला असेल तर आपल्या दहाही गाड्या परळला न्यायच्या, असं ठरत आलं. टॅक्स्या केव्हाच गॅसवर गेल्या होत्या. मिस्त्रीचं गॅरेज उघडं होतं ते या दहा गाड्यांवर, आणि त्या गेल्या तर शटर ओढून गावी जाण्याखेरीज त्याला दुसरं काही उरलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून निर्णय न्यायाने व्हावा असं ठरलं. म्हणजे मी जाऊन तपासावं आणि माझा शब्द शेवटचा. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी खूश झालो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी घेऊन घोडपदेवला गेलो. गाडी खरोखरच थरथरत होती, त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, दोन बोटं वर करून समोरच्या टपरीवाल्याला चहाची खूण केली आणि मला म्हणाला, "तोंड हयसर करून बोला, सायब. पंख्याचो आवाज लय."

पंखा बंद होता. मी मनातल्या मनात पहिला मुद्दा लिहून घेतला.

तो इंजिनावर वाकला तेव्हा मी त्याच्या पाठीशी जाऊन साध्या आवाजात म्हटलं, "मिस्त्री, मागून टेम्पो येतोय." तो हलला नाही. थोड्या वेळाने त्याचा स्वतःचा फोन बाकड्यावर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. मुद्दा दुसरा, मुद्दा तिसरा. इतकं सोपं प्रकरण नोकरीत एकदाही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

चहा आला. एक ग्लास त्याने माझ्या हातात दिला, दुसरा चालू इंजिनाच्या झाकणावर बरोब्बर मधोमध ठेवला. ही त्याची जुनी सवय, असं आम्ही सगळे समजत होतो. हयसर गरम ऱ्हवता, असं तो म्हणायचा. मग तो नळी कानाला लावून, मान खाली घालून ध्यानस्थ झाल्यासारखा उभा राहिला. स्क्रू फिरवला. इंजिन जरा शांत झालं. बारीक पेचकस हवा होता म्हणून तो आतल्या पत्र्याच्या कपाटाकडे गेला.

माझा चहा संपला होता. झाकणावरच्या चहावर साय धरायला लागली होती. आता यात माझे घरचे संस्कारही आड आले. आमच्या घरात साय धरलेला चहा समोर दिसणं म्हणजे जवळजवळ गुन्हा. चहा गार करायचा नाही आणि टाकायचा तर त्याहून नाही. मी विचारही न करता तो ग्लास उचलला, पिऊन टाकला आणि रिकामे दोन्ही ग्लास टपरीवर ठेवून आलो.

मिस्त्री परतला. नळी लावली, मान खाली घातली, आणि तसाच थांबला. मग उगाच स्क्रू फिरवला. इंजिनाने ठसका दिला. त्याने उलटा फिरवला, तर गाडी अंगात आल्यासारखी हलायला लागली. या माणसाचा हात चुकलेला मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि झाकणाकडे बोट दाखवलं.

"माझी च्या खंय गेली?"

"मी प्यालो," मी म्हटलं. "गार होत होता."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. राग नव्हता त्यात. तपासणीत सापडलेल्या कारकुनाच्या डोळ्यांत दिसते तसली भीती होती, आणि ती मला ओळखू आली, कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूने मी ती पुष्कळ पाहिली आहे.

मी टपरीवर जाऊन नवीन चहा आणला आणि झाकणावर मधोमध ठेवला. त्याने इंजिन चालू केलं. या वेळी त्याने नळी कानाला लावलीच नाही. मीही त्याच्यासारखी मान खाली घातली आणि ग्लासात पाहिलं. चहा कडेला उसळत होता. स्क्रू किंचित फिरला, तसं उसळणं थांबून बारीक वर्तुळं दिसायला लागली. आणखी किंचित, मग वर्तुळं इतकी बारीक झाली की बघावी लागत होती. त्यानंतर ग्लासाच्या मध्यावर नुसता एक कंप उरला. इंजिन माझ्या गाडीत कधी चाललं नसेल इतकं गुळगुळीत चालत होतं.

"चार वर्षां झाली," मिस्त्री म्हणाला. "माका ऐकाक येना नाय."

"मग नळी कशाला लावता?"

"गिऱ्हाईकासाठी. लोक माझ्या कानाकडे येतत. च्याकडे बघणाऱ्या माणसाकडे कोण येतलो?"

मला त्याची लाज वाटायला हवी होती की माझी, ते कळेना. त्याने नळीचं एक टोक कार्बोरेटरला लावलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. मी सवयीने डोळे मिटले. पहिल्याचा आवाज ऐकला, दुसऱ्याचा ऐकला आणि मान हलवणार, एवढ्यात त्याने माझा हात धरला.

"खरा सांगा सायब. फरक कधी तुमका ऐकू इलो?"

गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "नाही. एकदाही नाही."

तो हसला. "माका म्हायत होता. एकदा मी नळी इंजिनाक लावलीच नव्हती, तरी तुमी मान हलवलास."

म्हणजे वीस वर्षं मी जाणकार म्हणून मिरवत होतो, आणि त्याच ग्रुपच्या नऊ माणसांच्या गाड्यांची बॉनेट उघडताना या माणसाने ही गोष्ट एकालाही सांगितली नव्हती. मी मात्र तीन मुद्दे जुळवून, त्याच्या चहासकट, अहवाल द्यायला निघालो होतो. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी आणि त्यानंतर आलेली नाही.

मी फोन काढून बाकड्यावर बसलो. ग्रुपवर सगळे निकालाची वाट बघत होते. मी लिहिलं: तपासणी पूर्ण. कान उत्तम. मागून हळू आवाजात बोललो तरी लगेच वळले. परळची गरज नाही. नोकरीत मी अनेकांचं वाकडं केलं असेन, पण खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. हा माझा पहिला खोटा अहवाल, आणि तो लिहिताना माझा हात अडखळला नाही.

मिस्त्री फडक्याला हात पुसत समोर येऊन उभा राहिला. "काय लिवलास?"

मी उठलो, तोंड नीट त्याच्याकडे केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्याला सांगितलं.