कॉलरच्या पोटातली किल्ली

सकाळपासून धुकं असं बसलं होतं, की समोरच्या सायकल दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. कापड दमट, खडू दमट. टेपवालीने शिलाई मशीनला तेल दिलं, चिंधीवर चार टिपा मारून जादाचं तेल टिपून घेतलं, इस्त्री तापत ठेवली आणि गणिताच्या बाईंच्या कोटाचं कापड टेबलावर पसरलं. नमुना छापून घ्यायला ती कोपऱ्यातल्या डब्याकडे वळली, तर पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या चार ओळी. कळ दाबा, बंद करा, चालू करा. त्याच चार ओळी.

डबा म्हणजे घरातला फाइल सर्व्हर. आणि टेपवाली म्हणजे जेवतानाही जिच्या गळ्यात टेप असते ती शिंपीण; हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. तयार कपडा ज्यांच्या अंगावर बसत नाही, अशी माणसं तिच्याकडे येत. कुणाचा एक हात आखूड, कुणाच्या पाठीला बाक, कुणाची ऑपरेशननंतर छाती एका बाजूला सपाट. सुरुवात घरातूनच झाली होती. पोती उचलून उचलून वडिलांचा उजवा खांदा दोन बोटं खचला होता. सोळाव्या वर्षी तिने त्यांना शर्ट शिवला. तो घालून वडील आरशासमोर बराच वेळ उभे राहिले नि म्हणाले, "सरळ दिसतोय की मी!" मग तिने दुसरं काही शिकायचं मनातच आणलं नाही.

बघता बघता दोनशे चौदा माणसांचे कागदी नमुने साठले. दोन कपाटं भरली, पलंगाखालची जागा गेली, उंदरांची चैन झाली. शेवटी दोन वर्षांपूर्वी नणंदेने पदर खोचला. ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात कामाला. एका जुन्या कॉम्प्युटरचा तिने हा डबा करून दिला. आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच. एक गेली तर दुसरी आहे. लोकांच्या अंगाची मापं, भलत्याच्या हाती लागायला नकोत, म्हणून वर कुलूपही घातलं. सगळे नमुने स्कॅन झाले आणि कागद रद्दीत गेले.

गेला महिनाभर मात्र डबा रोज सांगत होता, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? दारात उभा राहून हलायचं नाव न घेणाऱ्या विक्रेत्यासारखा. काल संध्याकाळी वैतागून तिने 'हो' दाबलं आणि पीठ मळायला गेली. नवी आवृत्ती जुन्या डब्याला मानवली नाही. अर्ध्यात अडकली ती अडकलीच.

"मी म्हणत होतो, कागद टाकू नको," नवऱ्याने बूट घालता घालता टोमणा मारून घेतला.

"तुम्हीच म्हणालात, पलंगाखाली चपला ठेवायला जागा नाही!"

नवऱ्याने दुसरा बूट चढवला आणि तो कामावर गेला. टेपवालीने नणंदेला फोन लावला.

तिला घोर होता तो गणिताच्या बाईंचा. बाईंचा कणा एका बाजूला वळलेला. त्यांचा नमुना बसवायला सात ट्रायल लागल्या होत्या. त्या नमुन्याचा कोट त्या बसमध्ये विसरल्या, आणि गेल्या महिन्यात घसरून पडल्यापासून त्यांना दोन मिनिटंही उभं राहवत नव्हतं. शनिवारी शाळेत त्यांचा निरोप समारंभ. कोट आज कापला तरच होणार. नमुना गेला, तर त्यांना पुन्हा सात वेळा उभं करायचं कसं? आणि बाईंना हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

नणंद दहाला आली, पर्समध्ये पेन ड्राइव्ह घेऊन.

"वहिनी, मला न विचारता बटण दाबलंस?"

"तुला विचारायचं म्हणजे तासभर भाषण ऐकायचं."

"आता दोन तास ऐक."

नणंदेने डब्याची आधीची आवृत्ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली होती. ती लावल्यावर डबा सुरळीत उठला, दोन्ही डिस्क त्याला दिसल्या. टेपवालीने श्वास सोडला, तेवढ्यात त्याने किल्ली मागितली.

"डिस्क शाबूत आहेत गं. नुसतं कुलूप आहे. आवृत्ती पुन्हा बसवली ना, म्हणून डबा किल्ली विसरला. तो चौसष्ट अक्षरांच्या किल्लीचा कागद दे, मी छापून दिलेला. जपून ठेव म्हटलं होतं."

"ठेवलाय की." टेपवालीने मशीनखालचा खण ओढला. खणात बटणं, बॉबिन, बक्रमचे तुकडे. कागद नव्हता. तिने खण जमिनीवर उपडा केला. मग तिची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली आणि हातातला रिकामा खण तिने खाली ठेवला.

"काय झालं?"

"कॉलर केली मी त्याची."

"कसली कॉलर?"

खिळ्याला कॉलरचे फर्मे, म्हणजे कापायचे जाड कागदी साचे, टांगलेले होते. ते सारखे हाताळावे लागतात म्हणून ती दोन कागद खळीने चिकटवून जाड करी, आणि पेन्सिलीने लिहिता यावं म्हणून छापलेली बाजू आत घाली. खणात चांगला कडक कागद दिसला, तिने घेतला.

"चौसष्ट अक्षरं लिहिलेली दिसली नाहीत तुला?"

"मला वाटलं, तुझ्या हॉस्पिटलचं बिल."

नणंद इतकी हसली, की तिला भिंत धरावी लागली. मग दोघींनी एकेक फर्मा मशीनच्या दिव्यासमोर धरला. नववा निघाला पोस्टमनचा, जाड मानेचा. आत चार ओळींची सावली दिसली. नणंद तो ओढायला गेली, तर टेपवालीने तिचा हात झटकला. आधी तिने कॉलर नव्या कागदावर उतरवून घेतली, खाच, मधली रेघ, सगळं. पोस्टमनने काय घोडं मारलं होतं? मग इस्त्रीची वाफ सोडली, खळ मऊ झाली, आणि पोटातला कागद तिने नखाने हळूहळू सुटा केला. अक्षरं स्वच्छ होती. फक्त शेवटच्या ओळीतलं सहावं गायब. कॉलरच्या मधोमध तिनेच मारलेली खाच नेमकी तिथे आली होती.

"बाई गं, एकच अक्षर!"

"एकच असेल तर बरंच आहे," नणंद म्हणाली. "यात शून्य ते नऊ आकडे आणि एपासून एफपर्यंत अक्षरं, एवढंच असतं. सोळा वेळा करून बघू. तू वाच."

टेपवाली चष्मा लावून बोटाने ओळ धरून वाचू लागली. शून्य घातलं, नाही. एक, नाही. दर वेळी डबा अर्धा मिनिट विचार करी आणि नकार देई. नऊ झाले. ए झालं, बी झालं. नणंदेने घड्याळ पाहिलं. बाराला तिची ड्यूटी. सीलाही नकार आला. डी घातलं, आणि डबा नकार द्यायचा विसरला. पडद्यावर नावांची रांग उतरत गेली.

टेपवालीने आधी रांग मोजली. दोनशे चौदा.

"आता या किल्लीच्या दोन प्रती काढ," नणंद पर्स उचलत म्हणाली. "कुठे ठेवणार?"

"दोन्ही तू घेऊन जा. तुझ्या घरी कात्री चालत नाही."

नणंद गेली. टेपवालीने बाईंचा नमुना छापला, तुकडे जोडले, पोस्टमनची नवी कॉलर खिळ्याला टांगली. इस्त्री गार झाली होती. ती पुन्हा तापत ठेवून तिने कापडावर पाणी शिंपडलं आणि कापायच्या आधीच्या सुरकुत्या काढायला घेतल्या.