शेजारची भिंत आणि उभ्याचा ओटा

लग्न होऊन मी साताऱ्यात आले. आमचं घर भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीतलं, अगदी मधलं. दोनच खोल्या, आणि राहणाऱ्या सासूबाई आणि मी. आतल्या खोलीत चूल. तिथं खिडकी नाही, त्यामुळे माझे डोळे कायम लाल. यजमान फौजेत. साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात ते मोठ्या सुट्टीवर आले आणि ट्रंक खाली ठेवताच म्हणाले, "परसात खोली काढू. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बांधू तुला."

मला काय करू आणि काय नको असं झालं! सकाळी मी काटकीनं परसात ओट्याची न् खिडकीची जागा आखूनही टाकली.

गवंडी कामाला लागला. आमची मागची भिंत उतरवताना शेजारची सामाईक मातीची भिंतही हलली आणि धाडकन खाली बसली. धुरळा विरला तर पलीकडं शेजारच्या काकू, हातात अर्धी थापलेली भाकरी घेऊन!

"काकू, लागलं न्हाई न्हवं?" यजमान ओरडले.

"न्हाई वो. पर आता आलाच हायसा, तर जेवूनच जावा!"

आम्ही सगळे हसत सुटलो. पण संध्याकाळी काका कामावरून यायचे होते आणि माणूस तापट. काका आले, भगदाडातून थेट आमच्या परसात उतरले आणि खणलेला पाया या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला.

"फौजी, भिंतीचं काय घिऊन बसलाय? आमचीबी खोली काढू ह्याच्याबरुबर. मधली भिंत एकच, पक्क्या विटंची."

मग काय विचारता! दोन्ही घरांचा स्वयंपाक काकूंच्या चुलीवर. मी विटा वाहिल्या, नव्या भिंतीवर पाणी मारलं. सुट्टी संपायच्या आत कौलं चढावीत म्हणून यजमान स्वतः वाशांवर चढले. आणि कौलं चढलीसुद्धा.

ओट्यावर शहाबादी फरशी बसली, चूल मांडली. सासूबाईंनी फरशीवर हात फिरवला.

"उभ्यानं कुटं भाकरी हुती व्हय?" असं म्हणत त्यांनीच पदर खोचला आणि पहिली भाकरी थापली. ती टम्म फुगली. सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या. काकू पुढच्या दारानं धावत आल्या, आणि ती एकच भाकरी आम्ही सगळ्यांनी उभ्या उभ्या, बोटं भाजत खाल्ली.