तांब्यातले अकरा दाणे

कमळने तांब्यात हात घातला, अशी आवळपाड्यात कुजबुज होती. पिठाच्या गिरणीत ही कुजबुज जन्मली, फाट्यावर जीपमध्ये चढली आणि मुरबाडच्या बाजारात उतरेपर्यंत तिला चांगले हातपाय फुटले होते. कुणी म्हणे, बाईने मूठभर भात टाकला. कुणी म्हणे, मूठभर कसला, मोजून नऊ दाणे. नवऱ्याच्या गळ्यातली शिट्टी तिला सवतीसारखी सलत होती, तेव्हा एका दुपारी तिने सवतीचा काटा काढला, असं सांगणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून सांगायच्या. म्हणजे हसू दिसू नये.

कमळ ही काळूराम वेखंडेची बायको. आणि काळूराम म्हणजे जाखमाता महिला कबड्डी संघाचा मामा. ‘प्रशिक्षक’ हा शब्द फक्त सामन्याच्या हँडबिलावर. एरवी लहानथोरांना काळूमामाच. तीस वर्षं भातसानगरला धरणावर खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर होता. निवृत्त झाला त्या दिवशी साहेबांनी दिलेला नारळ त्याने मैदानावर फोडून पोरींना वाटला, शाल जखमी खांद्यांना बांधायला फाडली. मूलबाळ नाही. घरात बायको, सहा कोंबड्या आणि शिट्टी. जेवायला बसताना शिट्टी खुंटीला लागायची, तेव्हाही बसायचा तो खुंटीकडे तोंड करून. कमळच्या ताटाकडे त्याची पाठ.

या माणसाला एक गोष्ट मिरवायला फार आवडायची. बाकी गावांत प्रशिक्षक कोण ते मंडळ ठरवतं; मंडळ म्हणजे पारावर पान चघळणारे पाच जण, ज्यांना चढाई आणि चढण यातला फरक सांगावा लागतो. काळूरामने अठरा वर्षांपूर्वी संघ काढला तेव्हाच छाती पुढे काढून सांगितलं होतं, आमच्याकडं मामा कोण, ते पोरी ठरवतील. ज्याच्या सांगण्यावरून हाडं मोडून घ्यायची, तो आपल्या पसंतीचा नको का?

त्याने रीतही घालून दिली होती. दिवाळीआधी नवा भात घरात आला की एका सकाळी जाखमातेच्या देवळात सुपात दोन ढीग मांडायचे. एक कांडलेल्या तांदळाचा, एक टरफलासकट भाताचा. प्रत्येक पोरीने दोन्हीचा एकेक दाणा उचलायचा आणि फडकं टाकलेल्या तांब्यात हात घालून त्यातला एकच आत सोडायचा. तांदूळ म्हणजे मामाच पाहिजे, भात म्हणजे दुसरा शोधा. उरलेला दाणा बाहेर कोंबड्यांना. कुणी काय टाकलं ते फक्त कोंबड्यांना ठाऊक, आणि त्या कुणाला सांगत नाहीत. पोरी मग एसटी पकडून कॉलेजला, कामाला जायच्या. संध्याकाळी सगळ्या परतल्या की मैदानावर मोजणी.

दिवसभर तांब्या काळूरामच्याच घरी, देव्हाऱ्यात. ज्याला निवडायचं त्याच्याच घरात मतपेटी ठेवणारं गाव शोधून सापडायचं नाही. पण राखायला कमळ होती, आणि कमळला कबड्डीतलं काय कळतंय, यावर गावाचा जाखमातेइतकाच विश्वास होता.

अठरा वर्षं तांब्या पांढराशुभ्र निघाला. काळूराम दाणे तळहातावर घेऊन मोठ्याने मोजायचा, शेवटचा दाणा जिभेवर ठेवायचा आणि शिट्टी वाजवायचा.

या वर्षी मात्र दिवाळीच्या तोंडावर मुरबाडहून प्रियांका स्कूटरवरून आली. काळूरामचीच जुनी कप्तान. लग्न होऊन मुरबाडला गेली, तिथे शाळेत खेळ शिकवते, प्रशिक्षणाचा कोर्सही करून आलेली. सरळ त्याच्या ओट्यावर बसली.

“मामा, चोरून काय करायचं नाय म्हणून आधी तुमच्याकडं आले. पोरींनी बोलावलंय. तांदूळ निघाले तर तुमच्या पाया पडून परत जाईन. भात निघाला तर मी येणार.”

काळूराम हसला. “तुला घोटा धरायला कुणी शिकवलं गो?”

“तुमीच. आणि खांदा निखळला तेव्हा हळद-चुना लावून दुसऱ्या डावात उतरवलं, ते पण तुमीच. अजून हात वर जात नाय माझा. वेणी सासू घालते.”

स्कूटर गेली, आणि काळूरामच्या हसण्यात जरा खडा आला. प्रियांकाने ‘पोरींनी बोलावलंय’ म्हटलं होतं. पोरींनी म्हणजे किती जणींनी? संघात अकरा पोरी. सहा तांदूळ पडले की झालं. त्याने बोटांवर मोजायला घेतलं आणि चौथ्या बोटापाशी अडकला.

मग जो माणूस अठरा वर्षं रीत मिरवत होता, तो रीत मोडायला निघाला. गावच्या मंडळाचा अध्यक्ष पांडू दुकानात बिड्यांची पुडकी लावत होता.

“पांडू, यंदा ते दाणेबिणे नको. मंडळानंच ठरव.”

“का रे काळ्या? तुझंच खूळ ना ते?”

“खेळणाऱ्याला काय कळतं? कासरा कुणाच्या हातात पायजे ते बैलाला कोण इचारतं का?”

“नाय इचारत,” पांडू पुडकं नीट करत म्हणाला, “म्हणून तर तो नांगर ओढतो. जा, चा पी आणि घरी जा. रीत मोडली तर गाव म्हणेल काळ्या घाबरला.”

काळ्या घाबरलाच होता. पहाटे साडेपाचला उठून कुठे जायचं? संध्याकाळी चार वाजले की पाय आपोआप कुठे वळणार? धरणावरची नोकरी गेली तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं, कारण ती नोकरी त्याने कधी केलीच नव्हती. तो तिथे फक्त संध्याकाळची वाट पाहायला जायचा.

दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर कप्तान नम्रताला गाठायला गेला. ती आसनगावच्या बाजूला गोदामात कामाला जाते, जीपची वाट पाहत उभी होती. काळूरामच्या हातात पेरूंची पिशवी. चाळीस वर्षांत त्याने कुणाला पेरू दिला असेल तर देवाला.

“मामा, हे काय?”

“झाडाचे हायत. पोरींना वाट.” मग हळूच, “परवा काय टाकणारेस?”

“गुप्त असतंय ना ते? तुमीच शिकवलंत.”

“बरं, दिपिकाचं काय? ती खेळत नाय आता. जी खेळत नाय तिनं दाणा कशाला टाकायचा?”

नम्रताने पेरूची पिशवी त्याच्या हातात परत दिली. “तिचं नाव संघातून कुणी काढलं, मामा? तुमी?”

जीप आली. ती मागे लटकून निघून गेली, आणि काळूराम पेरू घेऊन फाट्यावर तसाच उभा राहिला. शेवटी ते फाट्यावरच्या गाईने खाल्ले. तिला मत नव्हतं.

दिपिका म्हणजे संघाची पहिली चढाई. गेल्या पौषात म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत मुरबाडला सामने होते. अंतिम डावात तिचा गुडघा वळला. आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. काळूरामने तेल चोळलं, ओढणी आवळून बांधली आणि म्हणाला, काय होत नाय, दोन गुण आण. तिने दोन गुण आणले. कप आला. गुडघा आला नाही. आषाढात पोलीस भरतीला गेली तेव्हा आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत ती मैदानावर बसली ती उठलीच नाही. तीन वर्षं त्या एका धावण्यासाठी ती कबड्डी खेळत होती.

तेव्हापासून रोज सकाळी ती काळूरामच्याच घरी यायची. त्याच्यासाठी नाही. कमळ तिचा गुडघा चोळून द्यायची.

निवडीच्या आदल्या सकाळी काळूराम त्या दोघींसमोर उकिडवा बसला. कमळने तेलाची वाटी त्याच्या पायाखालून बाजूला घेतली.

“दिपिका, तू एकटीनं तांदूळ टाकते म्हणालीस ना, तर बाकीच्या बघतील. सगळ्या तुझ्याकडं बघतात.”

“बघतात,” दिपिका म्हणाली. “जिना चढते तेव्हा.”

“कप तू आणलास गो. गावाचं नाव केलंस.”

“कप तुमच्या कपाटात हाय, मामा.”

“मी काय मुद्दाम केलं?”

“नाय. तुमी इचारलं पण नाय. दुखतंय का, एवढंच इचारायचं होतं. मी ‘नाय खेळत’ म्हटलं असतं.”

काळूरामने हात जोडले. आजवर पोरींनी त्याला वाकून नमस्कार केला होता. त्याने कधी कुणाला केला नव्हता, म्हणून ते जमलंही नाही नीट. “एक वर्ष दे मला. एकच. मी काय करू गो घरात बसून?”

दिपिका खाली बघत राहिली. कमळचा अंगठा गुडघ्याच्या वाटीभोवती फिरत होता तसाच फिरत राहिला.

दुसऱ्या सकाळी अकरा पोरींनी अकरा दाणे टाकले. कोंबड्यांनी उरलेले खाल्ले. फडकं बांधून तांब्या देव्हाऱ्यात ठेवला आणि काळूराम घराबाहेर पडला. घरात थांबला असता तर त्याने स्वतःच फडकं सोडलं असतं, हे त्याला कळत होतं. दिवसभर तो धरणाच्या रस्त्याने जात राहिला आणि परत येत राहिला.

संध्याकाळी मैदानावर अर्धं गाव जमलं. प्रियांका कडेला स्कूटरला टेकून उभी. काळूरामने फडकं सोडलं आणि तांब्या तळहातावर उपडा केला.

पहिलाच दाणा पिवळा. मग आणखी एक. मग एक तांदूळ, त्याच्याकडे तो आशेने बघत राहिला. मग पिवळे, पिवळे, पिवळे. नऊ भात, दोन तांदूळ.

त्याने तांब्या हलवला. बोटं आत घालून तळ चाचपला, जणू आणखी काही पोरी तळाशी चिकटून बसल्या असतील. कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं.

“हे खरं नाय,” तो म्हणाला. “अठरा वर्षं पांढरा निघाला. एका वर्षात असं होत नाय. कुणीतरी हात घातलाय.”

“तांब्या तुझ्याच घरात होता रे,” पांडू म्हणाला.

काळूरामने आजूबाजूला बघितलं. बुडणारा माणूस काडी शोधतो, त्याला बायको सापडली.

“घरात कमळ एकटीच होती.”

एवढंच म्हणाला. गिरणीला तेवढं पुरलं.

शिट्टी त्याने प्रियांकाच्या हातात दिली नाही. स्कूटरच्या आरशाला अडकवली आणि घरी आला. कमळ ओट्यावर सूप घेऊन उद्याचे तांदूळ निवडत होती. मैदानावरचं बोलणं त्याच्या आधी घरी पोचलं होतं. तो तिच्यासमोर बसला, आज प्रथमच खुंटीकडे पाठ करून.

“तू हात घातलास काय गो?”

“यंदा नाय घातला,” कमळ म्हणाली. तांदळात एक भात दिसला, तो तिने उचलून कोंबड्यांकडे टाकला.

त्या दिवशी कमळने तांब्याला हात लावला नव्हता. पहिली तीन वर्षं तांब्या खरोखरच पांढरा निघाला. चौथ्या वर्षी दुपारी तिने फडकं सोडून बघितलं, तर दोन भात होते. ते काढून तिने दोन तांदूळ टाकले. पुढे दरवर्षी टाकत राहिली. गेल्या वर्षी अकरापैकी सात भात होते. तेही तिने निवडून काढले. त्यानंतर दोन महिन्यांनी दिपिकाचा गुडघा गेला.